मागितलं एक, मिळालं भलतंच

शब्बाथ शाळेत आम्हाला शिकवलं होतं की देव प्रत्येक प्रार्थनेला उत्तर देतो आणि त्याची उत्तरं तीनच असतात: हो, नाही आणि थांब. बाई फळ्यावर सिग्नल काढायच्या. हिरवा, लाल, पिवळा. आमच्या नगरमध्ये तेव्हा चालू असलेला सिग्नल शोधावा लागायचा, पण मुद्दा कळायचा.

नोकरीला लागल्यावर एकदा टीममधल्या कुणाची तरी ऑटोमेटेड टेस्ट रिव्ह्यूला आली. इनपुट काहीही द्या, टेस्ट पास. सीनियरनं खाली एवढंच लिहिलं की जी फेल होऊच शकत नाही तिला टेस्ट म्हणत नाहीत. मला फळ्यावरचा सिग्नल आठवला. मागितलं ते मिळालं तर देवानं ऐकलं, नाही मिळालं तर त्याची इच्छा वेगळी होती, उशिरा मिळालं तर त्याची वेळ वेगळी होती. या तिन्हींच्या बाहेर पडेल अशी घटना जगात घडूच शकत नाही.

शिवाय एक चौथं उत्तर असतं, जे साक्षींमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येतं. मागितलं एक, मिळालं भलतंच, आणि ते भलतंच खरं उत्तर निघालं. (ज्यांना चर्चची सवय नाही त्यांच्यासाठी: साक्ष म्हणजे उपासनेत किंवा घरसभेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं.) नोकरी टिकावी म्हणून प्रार्थना केली, नोकरी गेली, म्हणून गावी परतलो, म्हणून आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ होतो. अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकत आलोय. काही ऐकताना डोळे भरून आलेत, काही ऐकताना खिशातला मोबाइल काढावासा वाटलाय. पण गेली दोन वर्षं मी या चौथ्या उत्तराचा पिच्छा पुरवतोय, कारण ते आमच्या घरातच येऊन बसलंय. त्याकडे येतो. आधी दुसऱ्यांनी काय करून पाहिलं ते बघू.

प्रार्थना मोजून बघण्याची कल्पना माझ्यासारख्या इंजिनिअरच्याच डोक्यात येते असं नाही. १८७२ साली फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं हा उद्योग केला होता. त्याचं म्हणणं असं की इंग्लंडमधल्या चर्चांमध्ये राजाच्या आणि राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी जाहीर प्रार्थना होतात, मग ही मंडळी जास्त जगायला हवीत. त्यानं मृत्यूच्या वयांचं कोष्टक मांडलं. वकील, डॉक्टर, पाद्री, व्यापारी, लष्करी अधिकारी असे गट केले. राजघराण्याची सरासरी आली ६४ वर्षं, सगळ्या गटांत कमी. वाचताना हसू येतं, आणि गॉल्टनलाही ते यावं अशीच अपेक्षा असणार.

त्यानंतरचा मोठा प्रयोग अमेरिकेतला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. सहा हॉस्पिटलांमधले बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या गटासाठी प्रार्थना झाली, पण त्यांना ‘तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही’ एवढंच सांगितलेलं. दुसऱ्यालाही तेच सांगितलेलं, पण त्यांच्यासाठी प्रार्थना झाली नाही. तिसऱ्यासाठी प्रार्थना झाली आणि त्यांना ते ठाऊकही होतं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. म्हणजे फरक काहीच नाही. तिसऱ्यात ५९. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे माहीत होतं, त्यांचंच जास्त बिघडलं.

यावर ख्रिस्ती लोक म्हणाले, देव काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे का? त्याची परीक्षा पाहायची नसते. मला हे अर्धवट पटतं. दुसऱ्या गटातल्या माणसांसाठी त्यांच्या घरचे लोक प्रार्थना करत नव्हते असं कोण म्हणेल? बायपासला नेलेल्या माणसाची बायको बाहेर बाकावर बसून काय करत असेल? प्रार्थनेचा डोस मोजता येत नाही, आणि ‘अजिबात प्रार्थना नाही’ असा गट तयार करता येत नाही. पण एक विचारतो. ५९ च्या जागी आकडा ३९ आला असता, तर आपल्या चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो किती वेळा फॉरवर्ड झाला असता? तेव्हा कुणी उंदराची आठवण काढली असती?

तर मोजणीचा रस्ता बंद. आता गोष्टींचा रस्ता.

भलत्याच उत्तराची मला माहीत असलेली सगळ्यात नीट सांगितलेली गोष्ट उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची आहे. साल ३८३, गाव कार्थेज. मोनिका नावाची एक विधवा बाई बंदराजवळच्या संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळात रात्रभर रडत प्रार्थना करतेय. तिचा मुलगा ऑगस्टीन वक्तृत्वकलेचा शिक्षक, वय २८-२९. आईचा धर्म सोडून मानी पंथाच्या नादी लागलेला. आता त्याला रोमला जायचंय, आणि आईला ते नकोय. ती म्हणते, जाऊ नकोस, नाहीतर मला बरोबर ने. मुलगा सरळ थाप मारतो की एका मित्राला निरोप द्यायला चाललोय, वारा अनुकूल झाला की त्याचं जहाज सुटेल. तू इथेच रात्र काढ. ती आत देवाला विनवतेय की याला जाऊ देऊ नको, आणि बाहेर वारा सुटतो, शिडं फुगतात, मुलगा गेलेला असतो. सकाळी ती किनाऱ्यावर आक्रोश करते.

रोममधून ऑगस्टीन मिलानला गेला. तिथे बिशप अंब्रोजची प्रवचनं ऐकायला लागला, आधी फक्त भाषाशैलीसाठी. ३८७ च्या ईस्टरला त्याच अंब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिका तोवर समुद्र ओलांडून त्याच्याजवळ पोचली होती. त्याच वर्षी ती वारली. ऑगस्टीननं ‘कन्फेशन्स’मध्ये ही रात्र लिहिली तेव्हा दहाएक वर्षं उलटून गेली होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आईनं त्या रात्री जे मागितलं ते देवानं नाकारलं, कारण ती एरवी रोज जे मागायची ते त्याला द्यायचं होतं. मुलगा थांबला असता तर तिची रात्रीची मागणी पूर्ण झाली असती आणि आयुष्याची अपुरी राहिली असती.

हा विचार मला अजून सोडत नाही. त्यात एक नेमकेपणा आहे. ‘जे झालं ते चांगल्यासाठी’ असं सैल विधान तो करत नाही. माणसाच्या मागण्या एकमेकींना काटतात, आणि सगळ्या एकदम मान्य करणं शक्यच नसतं, असं तो दाखवून देतो. ज्यांनी कधी क्लायंटची रिक्वायरमेंट लिहून घेतली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. माणूस मागतो एक, त्याला हवं असतं दुसरं, आणि दोन्ही एका कागदावर लिहिलं की तिसऱ्याच ओळीशी भांडण लागतं.

पण त्याच पुस्तकात पुढे एक बाई आहे. तिचं नाव ऑगस्टीननं लिहिलेलं नाही. ती लग्नाशिवाय त्याच्याबरोबर दहाहून जास्त वर्षं राहिली होती. त्यांना एक मुलगा होता, अदेओदातुस. नावाचा अर्थ ‘देवानं दिलेला’. मिलानमध्ये ऑगस्टीनसाठी घरंदाज मुलगी बघायचं ठरलं, आणि यात पुढाकार मोनिकाचा होता. पसंत केलेली मुलगी लग्नाच्या वयाची व्हायला दोन वर्षं होती. त्या लग्नात अडचण नको म्हणून या बाईला आफ्रिकेला परत पाठवण्यात आलं. जाताना तिनं शपथ घेतली की यापुढे दुसऱ्या पुरुषाशी संबंध ठेवणार नाही. मुलगा बापाकडे राहिला. ठरलेलं लग्न पुढे झालंच नाही, कारण ऑगस्टीननं संसारच नाकारला. आणि तो मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असताना वारला.

तिनंही जहाजावर बसताना काही मागितलं असेल. ‘कन्फेशन्स’मध्ये मोनिकाच्या अश्रूंना पानंच्या पानं आहेत. हिच्या वाट्याला काही ओळी. मोनिकाच्या प्रार्थनेचं उत्तर ज्या घटनांमधून आलं, त्यांतलीच एक घटना म्हणजे या बाईची पाठवणी. एकीचं उत्तर ते दुसरीची ताटातूट. आणि कार्थेजच्या त्याच बंदरातून कितीतरी आयांची कितीतरी पोरं निघून गेली असतील, ज्यांतला कुणी बिशप झाला नाही, कुणी पुस्तक लिहिलं नाही. त्या आयांच्या रात्री कुणी नोंदवल्या नाहीत. साक्ष द्यायला उभा राहतो तो तगलेला माणूस. हा सर्व्हायव्हरशिप बायस आहे, आणि चर्चमध्ये तो रविवारी सकाळी हमखास दिसतो.

म्हणून भलत्या उत्तराची गोष्ट ऐकली की मी एक प्रश्न विचारायला शिकलोय: हे उत्तर कुणाच्या खर्चानं आलं, आणि त्याला उत्तर म्हणतंय कोण?

आता घरची गोष्ट.

माझे वडील मराठी शाळेत गणित शिकवायचे. चर्चच्या गायकगटात त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला. ‘उपासना संगीत’मधली अर्धीअधिक गीतं पुस्तक न उघडता म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात-पाय लुळा पडला, तो फिजिओथेरपीनं बऱ्यापैकी सावरला. वाचा मात्र गेली. डॉक्टर त्याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. त्यांना समोरच्याचं बहुतेक समजतं, काय बोलायचंय ते ठाऊक असतं, पण शब्द जिभेवर येत नाही. त्यांच्याकडे उरलेले शब्द दोन-तीन. ‘हं’, ‘अरे’, आणि का कोण जाणे, ‘मंगळवार’.

आईनं प्रार्थना सुरू केली. तिची प्रार्थना नेहमी स्पष्ट असते, गोलगोल काही नसतं. ‘प्रभू, यांचा आवाज परत दे.’ शुक्रवारच्या घरसभेत, पहाटे, डबा भरताना, हेच वाक्य. पाळकसाहेब आले, गायकगट आला, सगळ्यांनी हेच मागितलं.

सहाव्या आठवड्यात घरसभेत शेवटी सगळे प्रभूची प्रार्थना म्हणत होते. पप्पा खुर्चीत होते. दुसऱ्या ओळीपासून त्यांचा आवाज आला. पुटपुटणं नव्हे, शब्द. स्पष्ट, सलग, शेवटच्या आमेनपर्यंत. खोलीत कुणी आमेन म्हटलं नाही, कारण सगळे त्यांच्याकडे बघत होते. मग कुणीतरी गीत सुरू केलं आणि त्यांनी दोन कडवी म्हटली, त्याच खालच्या पट्टीत. आईनं पदर तोंडाला लावला. गीत संपलं. आईनं विचारलं, ‘अहो, पाणी देऊ?’ पप्पांनी तोंड उघडलं. ‘मंगळवार,’ म्हणाले.

तेव्हापासून हे असंच आहे. गाणं येतं, पाठ असलेली प्रार्थना येते, पाढे येतात, एक ते वीस आकडे येतात. स्वतःचं वाक्य येत नाही. रोजची भाकर मागणारी ओळ ते अडखळल्याशिवाय म्हणतात आणि ताटातली भाकरी मागू शकत नाहीत.

आई म्हणते, मी आवाज मागितला होता, देवानं आवाज दिला. मागताना ‘बोलणं’ म्हणायला हवं होतं का, असं ती कधी कधी हसत म्हणते, पण मनापासून तिची खात्री आहे. देवानं आधी स्वतःच्या स्तुतीपुरता आवाज परत केला, बाकीचं तो बघेल.

मी त्या रात्री लॅपटॉप उघडला. हे चमत्कारिक आहे, पण दुर्मीळ नाही. बोलणं रचणारा मेंदूचा भाग बहुतेकांत डाव्या बाजूला असतो. १८६१ साली फ्रान्समध्ये पॉल ब्रोकानं एका रुग्णाच्या मेंदूत तो दाखवला. तो रुग्ण वर्षानुवर्षं ‘तान’ एवढंच म्हणायचा. चाल, लय आणि घोकून घोकून मुरलेली वाक्यं यांना मेंदूचे इतर भाग, विशेषतः उजवी बाजू, हातभार लावतात असं मानतात, म्हणून डावीकडे इजा होऊनही ती शाबूत राहू शकतात. या गोष्टीवर आधारलेली, चालीतून बोलायला शिकवणारी उपचारपद्धत १९७३ पासून आहे. आणि सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक वाचून मी थांबलोच. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन यानं अशा एका माणसाविषयी लिहून ठेवलंय. उजवी बाजू लुळी, बोलणं बंद, पण आजाराआधी पाठ असलेली चर्चमधली गीतं तो स्वच्छ म्हणायचा, काही प्रार्थनाही म्हणायचा.

म्हणजे पप्पांच्या बाबतीत जे झालं ते ख्रिस्ती माणसाला होतं तसं कुणालाही होऊ शकतं. आमच्या शेजारच्या आजोबांना झालं असतं तर त्यांच्या तोंडून हरिपाठ आला असता. मी हे आईला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘मग? त्यांच्यावर देवाची कृपा नाही असं मी कधी म्हटलं?’

इथे माझा सगळा युक्तिवाद लटकून राहिला, आणि अजून तसाच आहे. आई प्रार्थनेच्या उत्तराकडे पुरावा म्हणून बघतच नाहीय. तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. गॉल्टनचं कोष्टक तिच्यासमोर ठेवलं तर ती राजासाठी हळहळेल. तिनं काही मागितलं होतं, काही आलं, आणि जे आलं ते कुणाकडून आलं हे तिला माहीत आहे. पत्र कुणाचं आहे हे अक्षरावरून ओळखावं तसं. मला अक्षर ओळखता येत नाही. मी पाकिटावरचा शिक्का तपासतो.

तरी एका जागी मी अडलो. चर्चमधल्या एका मावशींनी सुचवलं की पप्पांची साक्ष व्हायला हवी. वार्षिक अंकात छापू, फोटोसकट. त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण ज्या माणसाला ‘माझा पाय दुखतोय’ म्हणता येत नाही, त्याच्या वतीनं ‘देवानं मला माझा आवाज परत दिला’ असं लिहायचं? दुसऱ्याच्या दुःखाला उत्तर म्हणून शिक्का मारण्याचा अधिकार बाजूला बसलेल्याला नाही, हे माझं ठाम मत आहे. मोनिका स्वतःच्या रडण्याविषयी बोलू शकते. त्या निनावी बाईच्या पाठवणीविषयी तिनं बोलू नये, ऑगस्टीननंही नाही. मूल गेलेल्या आईला ‘देवाची योजना’ ऐकवणारी माणसं आपल्यात आहेत. त्यांची श्रद्धा मोठी असेलही, पण ती त्या वेळी दुसऱ्याच्या पैशानं दानधर्म करत असतात.

बायबल स्वतः याबाबतीत आपल्यापेक्षा बरंच सावध आहे, हे मला उशिरा जाणवलं. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल सांगतो की त्याच्या शरीरात एक काटा होता. तो कसला ते तो सांगत नाही. आजार होता, की डोळ्यांचं दुखणं, की आणखी काही, यावर विद्वान अजून वाद घालतात. तो निघावा म्हणून त्यानं तीन वेळा विनवलं. निघाला नाही. त्याला मिळालं ते एक आश्वासन, की कृपा पुरेशी आहे. याला उत्तर पौल म्हणतो, स्वतःच्या काट्याविषयी, पहिल्या पुरुषात. करिंथमधल्या कुठल्या आजारी माणसाला उद्देशून तो हे बोलत नाही.

आणि गेथशेमाने. येशूनं अटकेच्या रात्री बापाकडे मागितलं की हा प्याला टळू दे. मत्तयच्या सांगण्याप्रमाणे तीन वेळा. टळला नाही. दुसऱ्या दिवशी क्रूस. ज्या धर्माच्या अगदी मध्यभागी एक न मिळालेली मागणी आहे, तो धर्म ‘मागा म्हणजे मिळेल’ची जाहिरात कशी करतो, असं मला पूर्वी वाटायचं. मग इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय नीट वाचला. तिथे लेखक म्हणतो की येशूनं मरणातून वाचवू शकणाऱ्याकडे मोठ्यानं रडून प्रार्थना केली, आणि ती ऐकली गेली. ऐकली गेली! तो तर मेला. आता यावर पुनरुत्थानाचं उत्तर तयार आहे आणि मी ते मानतो. पण रविवारपर्यंत मध्ये शुक्रवार आणि शनिवार आहेत, आणि ‘ऐकली गेली’ हे शनिवारी कुणालाच म्हणता आलं नसतं. जो म्हणाला असता त्याला मरियेनं घरातून हाकललं असतं, आणि योग्यच केलं असतं.

आमच्या घरी बहुधा शनिवार चालू आहे. आई त्यात रविवारचं गीत म्हणते, तो तिचा स्वभाव आणि तिचा हक्क. रात्री पप्पांना उठवून बसवणं, कूस बदलणं, त्यांच्या मनातला शब्द वीस प्रश्न विचारून शोधणं, हे सगळं ती करते. खर्च तिचा आहे, म्हणून ती त्याला उत्तर म्हणाली तर मी वाद घालत नाही. मी महिन्यातून दोनदा पुण्याहून येतो.

साक्ष छापायची की नाही हे शेवटी पप्पांनाच विचारू, असं मी म्हटलं. हो-नाहीचे प्रश्न त्यांना जमतात. मी समोर बसलो आणि सावकाश विचारलं: पप्पा, देवानं प्रार्थना ऐकली असं तुम्हाला वाटतं का? त्यांनी मान हलवली नाही. डावा हात वर केला आणि पंजा दोन्हीकडे फिरवला. आमच्या घरात याचा अर्थ ‘चाललंय’ असा होतो, वाण्याचा हिशोब साधारण जुळला की ते असंच करायचे. मग मी छापण्याविषयी विचारलं. तेव्हा मात्र मान जोरात हलली. नाही.

हा लेख लिहिण्याआधी पुन्हा विचारलं, नाव न घालता लिहू का म्हणून. या वेळी मान उभी हलली. म्हणून लिहून झाल्यावर सगळा मोठ्यानं वाचून दाखवला. आईनं राजघराण्याच्या ६४ वर्षांवर चुकचुक केलं. ५२, ५१, ५९ आले तेव्हा पप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं, गणिताचे मास्तर. त्या निनावी बाईचा परिच्छेद आला तसा त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तोच भाग परत वाचायची खूण केली. मी वाचला. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, ओठ हलले, शब्द आला नाही. ‘अरे,’ म्हणाले. मग टीव्हीकडे बोट केलं. मॅच सुरू झाली होती.